जुनी दुनळी विकत घेताना या चुका टाळा

गावाकडे खुंटीला आजोबांची बारा बोअर बघत वाढलेल्या माणसाला अमेरिकेत आल्यावर कधी ना कधी दुनळीचा, म्हणजे दोन नळ्यांच्या छऱ्याच्या बंदुकीचा, मोह होतोच. भारतात ती हौस आता फिटायची नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीचा विषय संपवला, आणि ते योग्यच झालं. इथे मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, दोन्ही डकोटा या पट्ट्यात मात्र फेझंट, ग्राउज, वुडकॉक या पक्ष्यांच्या शिकारीचा रीतसर हंगाम असतो. दिवसाची मर्यादा ठरलेली असते. साउथ डकोटात फेझंटचे तीन नर, की घरी. ऑक्टोबर जवळ आला की ओळखीतली मंडळी विचारू लागतात, "पार्कर घेऊ की फॉक्स?" माझं उत्तर दर वेळी तेच असतं: आधी नळ्या, मग दस्ता (खांद्याला टेकतं ते लाकूड), मग आतली यंत्रणा. कारखान्याचं नाव सगळ्यात शेवटी.

आपल्या लोकांची पहिली चूक मात्र बंदुकीच्याही आधीची आहे.

व्हिसा न बघता दुकानात जाणं

एच-वन (नोकरीच्या) किंवा एफ-वन (शिक्षणाच्या) व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मुळात मनाई आहे. तिला काही अपवाद आहेत, आणि आपल्या कामाचा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा चालू हंटिंग लायसन्स. चालू हा शब्द महत्त्वाचा. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला, मग बंदूक कपाटात पडून असली तरी. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. मिनेसोटात १९७९ नंतर जन्मलेल्यांना लायसन्ससाठी आधी फायरआर्म्स सेफ्टीचं प्रमाणपत्रही लागतं, तेव्हा तो कोर्स उन्हाळ्यातच उरकून घ्या.

"तू सिटिझन आहेस ना, तुझ्या नावावर घे, मी पैसे देतो" हा आपला लाडका जुगाड इथे चालत नाही. दुकानातल्या फॉर्मवर खरा खरेदीदार कोण, हे सही करून सांगावं लागतं. तिथे खोटं लिहिणं हा केंद्रीय गुन्हा आहे आणि त्यात मित्रही अडकतो. तुमच्या बाबतीत जराही शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. त्याची फी बंदुकीच्या मानाने किरकोळ असते.

नाव वाचून पैसे मोजणं

मेरिडन, कनेक्टिकटचे पार्कर ब्रदर्स, फिलाडेल्फियाचा ए. एच. फॉक्स, फुल्टनच्या हंटर आर्म्सची एल. सी. स्मिथ, इथाका, लेफीव्हर ही अमेरिकन दुनळीतली मोठी घराणी. १९२९ मध्ये फॉक्स सॅव्हेज कंपनीकडे गेली, १९३४ मध्ये पार्कर रेमिंग्टनकडे. पार्करच्या नावाला लोक भरपूर पैसे मोजतात. पण रानात हिंडायचं असेल तर फॉक्सची साधी स्टर्लिंगवर्थ किंवा इथाकाची एन. आय. डी. (न्यू इथाका डबल) त्याच कामाला कमी पैशात पुरते. नक्षीकाम बघून पक्षी पडत नाही.

नावातच फसवणूकही असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेल्जियमहून स्वस्त दुनळ्या अमेरिकेत ढिगाने आल्या आणि त्यांच्यावर नामांकित इंग्रज कारखान्यांशी मिळतीजुळती नावं कोरलेली असत. वेस्टली रिचर्ड्स हे बर्मिंगहॅमचं प्रतिष्ठित घराणं, त्याच्या जागी नुसतं "डब्ल्यू. रिचर्ड्स" दिसलं तर विक्रेत्याच्या गोष्टी ऐकत बसू नका. अस्सल बंदुकीतही नळ्या, ॲक्शन (बंदूक मिटल्यावर नळ्या ज्याला भिडतात तो धातूचा भाग) आणि पुढचा लाकडी भाग या तिन्हींवरचा नंबर एकच आहे का ते पाहा. नंबर जुळत नसतील तर कुणीतरी दोन बंदुकांची एक केलेली आहे.

चकाकीला भुलणं

शंभर वर्षांची बंदूक शोरूममधून आल्यासारखी चमकत असेल तर मी दोन पावलं मागे सरकतो. जुन्या दुनळीच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामधली पट्टी शिशा-कथलाच्या झाळणाने जोडलेली असते. आजच्या बंदुकांना काळा रंग चढवायला उकळत्या क्षारांचं जे द्रावण वापरतात, ते हे झाळण खातं. पट्टीखाली शिरलेलं द्रावण आत बसून गंज धरतं आणि वर्षा-दोन वर्षांत पट्टी सुटते. जुन्या नळ्यांना सावकाश गंजवून रंग देण्याची पद्धतच लागते. तिचा रंग मंद असतो, काचेसारखा झगझगीत नसतो.

याची परीक्षा सोपी आहे. विक्रेत्याची परवानगी घेऊन नळ्या सुट्या करा, खालच्या आकड्यात बोट घालून लोंबत्या धरा आणि बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारा. आपण मडकं वाजवून घेतो तसंच. लांब, स्वच्छ नाद आला तर जोड धड आहे. थरथर किंवा बसका आवाज आला तर पट्टी कुठेतरी सुटली आहे.

स्क्रूंच्या खाचाही बघा. त्या पिळवटलेल्या असतील तर घरच्या घरी, चुकीच्या ड्रायव्हरने कुणीतरी पोटात हात घातलेला आहे. रंग उडालेला, लाकडावर ओरखडे, पण खाचा धारदार, अशी बंदूक मला केव्हाही जास्त आवडते.

नळ्या न मोजता घेणं

नळीतून उजेडाकडे बघून "आरशासारखी आहे" म्हणणं ही पाहणी झाली, मोजणी नव्हे. ती आरशासारखी व्हावी म्हणून कुणी आतून घासून पातळ केलेली असू शकते. जुन्या बंदुका जाणणाऱ्या गनस्मिथकडे नळीच्या भिंतीची जाडी मोजायचं उपकरण असतं. पुढच्या भागात भिंत कुठेही २० हजारांश इंचाखाली, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरखाली गेलेली नसावी, असा जाणकारांचा ढोबळ दंडक आहे. आतला व्यास, चेंबरची (काडतूस बसतं त्या जागेची) लांबी आणि चोकही (नळी तोंडाशी किती आवळलेली आहे ते) तिथेच मोजून घ्या. ऑनलाइन सौद्यात सहसा तीन दिवसांची तपासणीची मुदत मिळते. ती आधी लेखी ठरवा आणि त्या तीन दिवसांत गनस्मिथ मोकळा आहे का तेही आधीच विचारा.

नळ्यांवर वळणावळणांची डमास्कस नक्षी असेल तर नवख्याने सोडून द्यावी. डमास्कस म्हणजे फुटणारच असं मुळीच नाही, पण ती निवडायला अनुभवी डोळा लागतो, आणि पहिल्या खरेदीत तो नसतो.

आता सांधा. पुढचा लाकडी भाग काढून ठेवा, कारण तो ढिलेपणा लपवतो. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, मिटा आणि उजेडासमोर धरून नळ्यांची मागची कड आणि ॲक्शनची भिंत यांच्यामधून बघा. उजेडाची रेघ दिसली तर सांधा झिजलेला. मग दस्ता घट्ट धरून नळ्या डावी-उजवीकडे हलवा. खटखट जाणवू नये. बंदूक उघडायचा वरचा खटकाही बोलका असतो. मिटलेल्या बंदुकीत तो मध्यरेषेच्या थोडा उजवीकडे थांबत असेल तर अजून आयुष्य आहे. मध्य ओलांडून डावीकडे गेला असेल तर झीज झाली आहे.

नळ्या कापलेल्या आहेत का ते तोंडाशी कळतं. मूळ बंदुकीत दोन्ही नळ्या तोंडाजवळ एकमेकींना भिडलेल्या असतात. कापलेल्यात मध्ये फट राहते, ती कुणी झाळणाने बुजवलेली असते. कापल्यावर चोकही गेला. दाट झाडीतल्या ग्राउजला अशी बंदूक वाईट नसते, फक्त तिची किंमत कापलेल्या बंदुकीचीच द्या.

"काडतूस बसतंय ना, मग झालं"

सगळ्यात धोक्याची चूक ही, आणि ती शहाणी माणसंही करतात. आजचं सर्रास मिळणारं काडतूस पावणेतीन इंची. जुन्या सोळा बोअरच्या अमेरिकन बंदुकांची चेंबर बहुधा २ ९/१६ इंचाची, म्हणजे अडीचहून केसभर जास्त. इंग्लिश बारा बोअर तर कित्येकदा अडीच इंचीच. तरीही पावणेतीनचं काडतूस त्यात अलगद बसतं, बंदूक मिटते, आणि माणूस निश्चिंत होतो.

ते बसतं, कारण काडतुसाची छापलेली लांबी ही बार उडाल्यानंतरची असते. भरलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं, म्हणून ते आखूड. बार उडाला की ती दुमड उलगडते. चेंबर आखूड असेल तर ती पुढच्या निमुळत्या भागात जाऊन वाट अडवते आणि आतला दाब चढतो. आजच्या पावणेतीन इंची बारा बोअरला अमेरिकन मानकाप्रमाणे ११,५०० पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचावर तेवढे पौंड) दाबाची मुभा आहे. शंभर वर्षांच्या सांध्याला आणि लाकडाला रोज तेवढं सोसायला लावायचंच कशाला, आणि त्यावर हा वाढीव दाब?

उपाय म्हणून लोक चेंबर लांब कापून घेतात. मी त्याच्या विरुद्ध आहे. जिथे दाब सर्वांत जास्त, तिथलंच पोलाद काढलं जातं आणि ते परत लावता येत नाही. जुन्या दुनळ्यांसाठी अडीच इंची, कमी दाबाची काडतुसं अमेरिकेत मिळतात. महाग असतात, मान्य. पण हंगामात आपण अशी किती उडवतो? एक औंसाचा सौम्य बार फेझंटला भरपूर होतो.

पोलादी छर्रे जुन्या नळीत घालायचेच नाहीत. ते शिशासारखे दबत नाहीत, आणि घट्ट चोकपाशी नळीला फुगवटा आणू शकतात. १९९१ पासून अमेरिकाभर बदकांवर शिशाचे छर्रे बंद आहेत, हे बहुतेकांना माहीत असतं. निसटतं ते दुसरंच: वॉटरफाउल प्रॉडक्शन एरिया नावाच्या सरकारी जमिनींवर फेझंटलाही शिसं चालत नाही, आणि फेझंट नेमके तिथेच दडलेले असतात. अशा ठिकाणी जुन्या बंदुकीसाठी बिस्मथ या धातूचे छर्रे घ्या. तेही पाकिटावरची लांबी वाचून.

घरात बारा आणि वीस बोअर दोन्ही असतील तर दोन वेगळी जाकिटं ठेवा. वीसचं काडतूस बाराहून बारीक असतं, ते बाराच्या नळीत सरकून पुढे अडकतं, मागे बाराचं बसतं, आणि मग नळी फुटते. वीसची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी.

चोक आणि दस्ता

जुन्या अमेरिकन दुनळ्या बहुतेक घट्ट चोकच्या. त्या काळच्या गिऱ्हाईकाला लांबचा मार हवा असे. वीस यार्डांवर उठणाऱ्या ग्राउजला फुल, म्हणजे सर्वांत घट्ट, चोक म्हणजे एकतर साफ चुकणं, नाहीतर पक्ष्याचा खिमा. नळीच्या तोंडाशी डाइमचं नाणं धरून चोक ठरवणारे विक्रेते भेटतील. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. चोक हा आतल्या व्यासाशी असलेला फरक असतो, नुसत्या तोंडावरून तो कळत नाही. छर्रे पसरवणारी काडतुसं आधी वापरून बघा. नळी कापणं किंवा चोक मोकळा करणं नंतरचं.

पक्षी चुकतोय आणि बार त्याच्या खालून जातोय, अशी तक्रार असेल तर नेमबाजीला दोष देण्याआधी दस्ता मोजा. नळ्यांवरच्या पट्टीवर लांब फूटपट्टी ठेवून ती मागे लांबवली तर आजच्या बंदुकीत दस्त्याची टाच तिच्याखाली सव्वादोन-अडीच इंच असते. जुन्यात तीन किंवा त्याहून जास्त. गाल टेकला की डोळा खाली जातो आणि बार खाली पडतो. सोळा यार्डांवर कागद लावून पाहा: मार एक इंच वर न्यायचा तर गालाखालचं लाकूड साधारण एक-सोळांश इंच उचलावं लागतं. आधी गालाखाली चिकटणारी गादी लावून हंगाम काढा. माप पक्कं झालं की जाणता गनस्मिथ गरम तेलाने दस्ता वाकवून देतो. लाकूड कापून टाकू नका.

एल. सी. स्मिथ बघत असाल तर ॲक्शनच्या बाजूच्या धातूच्या पट्ट्यांच्या मागे लाकडावर नख फिरवा. तिथे लाकूड पातळ असतं आणि तडा जाणं हे त्या बंदुकीचं जुनं दुखणं आहे.

रानात उद्भवणाऱ्या कुरबुरी

दोन्ही बार एकदम उडाले तर तिथेच थांबा. बोट चुकून मागच्या चापाला लागलं असेल. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या. पण घरी दोन्ही नळ्यांत स्नॅप कॅप (दारू नसलेलं खोटं काडतूस) घालून तपासाच. पुढचा चाप ओढा, दस्त्याच्या टाचेवर तळहाताने ठोका. दुसरा घोडा आपोआप पडला तर आतली पकड झिजली आहे आणि गनस्मिथने बघेपर्यंत ती बंदूक वापरायची नाही.

थंडीत नुसता "टक" आवाज येऊन बार उडत नसेल तर नळी सुरक्षित दिशेला रोखून अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा. कारण बहुधा जुनं, घट्ट झालेलं तेल असतं. नोव्हेंबरात डकोटात पारा गोठणबिंदूच्या खाली गेला की ते गोंद होतं. तेल धुऊन काढून पातळ तेलाचा नुसता हात फिरवला तर बहुतेकदा काम होतं. तरी फरक पडला नाही तर स्प्रिंग थकलेली.

मधलं बोट सुजतंय? चापाच्या कड्याची मागची कड आदळतेय. हात जरा मागे घ्या. तरीही लागत असेल तर दस्ता तुम्हाला आखूड आहे. डावा हात भाजत असेल तर नळीवर चढवायची चामडी खोळ मिळते.

घरी आल्यावर नळ्या पुसून बंदूक तोंडाकडून खाली उभी करा. दस्त्यावर उभी ठेवली तर तेल ओघळून दस्त्याच्या डोक्यात, जिथे लाकूड धातूला भिडतं तिथे मुरतं आणि लाकूड काळं, भुसभुशीत होतं. विकत घेतानाही त्या जागी अंगठा दाबून बघा. बोटाला तेल लागलं तर किंमत पाडून मागा.