पिट्यूटरीच्या शस्त्रक्रियेत नवे असाल, तर आधी औषधांचा तक्ता वाचा

न्यूरोसर्जरीत आलेला प्रत्येक नवा रेसिडेंट आधी हेच विचारतो: एंडोस्कोप, म्हणजे नाकातून घालायची दुर्बीण, हातात कधी मिळणार? ही घाई मला कळते, अजूनही आठवते. पण पिट्यूटरी, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या ग्रंथीतल्या हॉर्मोन स्रवणाऱ्या गाठींत सुरुवात तिथून करू नका.

हॉर्मोन न स्रवणारी गाठ थोडी उरली तरी डोळ्यांच्या नसेवरचा दाब जातो, नजर सुधारते. कुशिंग (गाठीमुळे कॉर्टिसॉल हे हॉर्मोन जादा होणं) आणि ॲक्रोमेगाली (वाढीचं हॉर्मोन जादा होणं) यांत ही सवलत नाही. बारीकसा अंश उरला तरी आजार राहतो. म्हणून स्यूडोकॅप्सूलच्या, म्हणजे गाठीभोवतीच्या पातळ आवरणाच्या, बाहेरून गाठ अखंड सोडवायला शिकायचं. म्हणूनच 1993 पासून वापरात असलेली नॉस्प प्रतवारी (गाठ बाजूच्या कॅव्हर्नस सायनस या शिरांच्या पोकळीत किती शिरली आहे, याची) एमआरआयवर स्वतः लावून बघायची, रिपोर्टवर विसंबायचं नाही. गाठ कॅव्हर्नस सायनसमध्ये घुसलेली असेल, तर एका ऑपरेशनने आजार जाईलच असं नाही, हे घरच्यांना आधीच सांगा. प्रोलॅक्टिनच्या गाठीला बहुतेकदा आधी कॅबरगोलिनची गोळीच, ऑपरेशन नाही. गाठ प्रचंड आणि प्रोलॅक्टिन जेमतेम वाढलेलं दिसलं, तर रक्ताचा नमुना पातळ करून पुन्हा तपासायला सांगा; प्रोलॅक्टिन अतोनात असलं की मशीन फसून आकडा कमी दाखवू शकतं.

आता औषधांच्या तक्त्यातला सापळा. मी यात अडकले होते, म्हणून जरा सविस्तर. कुशिंगमध्ये पिट्यूटरीच्या निरोगी पेशी दीर्घकाळ दबलेल्या असतात. गाठ पूर्ण निघाली की कॉर्टिसॉल कोसळतं. पहिल्या आठवड्यात सकाळचं कॉर्टिसॉल 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसीलीटरच्या खाली गेलं तर आजार आटोक्यात आल्याचं धरतात. 2 च्या खाली गेलं तर खात्री वाढते. पण भूल देताना उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलेलं असतं, किंवा वॉर्डात सवयीने हायड्रोकॉर्टिसोन सुरू होतं. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलच. मशीनला फरक कळत नाही. डेक्सामेथासोन मशीनला दिसत नाही, पण कॉर्टिसॉल दाबू शकतं. मग आकडा खाली आला तो गाठ गेल्यामुळे की औषधामुळे? कोणीच सांगू शकत नाही. पुन्हा ऑपरेशन करायचं की नाही, हे याच आकड्यावर ठरतं. त्यामुळे स्टेरॉइड रोखायचं की द्यायचं, हे आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ आणि एंडोक्रायनॉलॉजिस्ट यांच्यासोबत बसून ठरवा आणि फाइलवर ठळक लिहा. तोंडी निरोप रात्रपाळीला पोहोचत नाही. मात्र स्टेरॉइड रोखलंय म्हणून पेशंटवरून नजर हटवायची नाही. उलट्या, गळाठा, उतरलेलं बीपी दिसलं की रक्त घ्या आणि लगेच हायड्रोकॉर्टिसोन द्या. रिपोर्टची वाट बघत बसलात तर जीव जाईल.

हे वाचून घाबरू नका. दोन-चार केसमध्ये हे अंगवळणी पडतं. ॲक्रोमेगालीत तर उसंत असते, आयजीएफ-1 चा (वाढीच्या हॉर्मोनचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा) खरा निकाल साधारण 12 आठवड्यांनी बघायचा.

गुरूबद्दल माझं मत पक्कं आहे. ज्यांचा हात झपाझप चालतो त्यांच्यापेक्षा जुन्या पेशंटांचे हॉर्मोन रिपोर्ट वर्षानुवर्षं जपणाऱ्यांच्या मागे लागा. नाकातली वाट ईएनटीवाल्यांकडून शिका, त्यात कमीपणा कसला? व्हिडिओ बघून शिकण्यावर माझा विश्वास नाही. त्यात रक्तस्राव कापून टाकलेला असतो.

आपल्याकडची एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला काणकोण, सत्तरीपासून दोडामार्ग, सावंतवाडीपर्यंतचे पेशंट येतात आणि बरं वाटलं की घरी जातात. ऑपरेशननंतर रक्तातलं सोडियम घसरतं ते साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात, म्हणजे घरी गेल्यावर. त्यात घरचे मायेने पेज, शहाळं, पाणी पाजत राहतात, आणि सोडियम आणखी उतरतं. डोकेदुखी, मळमळ, गुंगी आली की सगळ्यांना वाटतं अशक्तपणा आहे. डिस्चार्ज कार्डवर सातव्या दिवसाची सोडियमची तपासणी तारखेसकट लिहा, म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात जमत असेल तर तिथे करायला सांगा, आणि पाणी किती प्यायचं ते तांब्याच्या मापात समजावा. लघवी भरमसाट होणाऱ्या पेशंटला मात्र पाणी तोडू नका, त्याचा हिशोब वेगळा. सातव्या दिवशी पेशंटचा फोन आला नाही तर तुम्हीच करा.