जागतिकीकरणाच्या थिअरी पाठ नका करू, हळदीच्या मांडवात लावून बघा

जागतिकीकरणाने संस्कृतीचं काय होतं हा टॉपिक आला की पोरं व्याख्या घोकत बसतात, तसं करू नका भो. आपल्याकडची एखादी गोष्ट धरा, जिच्यातलं बारीकसारीक माहितीये, आणि एकेक थिअरी तिला लावून बघा.

पहिली, सगळं जग एकसारखं होतंय वाली. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज रिट्झर, 1993. फास्ट फूडच्या दुकानाची पद्धत, म्हणजे झटपट काम, मोजमाप, सगळीकडे सेम माल आणि कंट्रोल, बाकी समाजातही घुसते असं तो म्हणतो. हिला आपल्या खानदेशातल्या रावेर-यावलची केळी लावा. टिश्यू कल्चरची, म्हणजे लॅबमध्ये तयार केलेल्या एकसारख्या रोपांची, ग्रँड नैन जात, फण्या कापायच्या, धुवायच्या, वजन करून खोक्यात भरायच्या, एक्स्पोर्टला लांबी-जाडी ठरलेली आणि डाग चालत नाही, अन् जुनी बसराई जात मागे पडली. इथे रिट्झर फिट बसतो.

दुसरी, संघर्षाची. राज्यशास्त्रज्ञ हंटिंग्टनचा हा लेखही 1993 चाच. संपर्क वाढला की माणसं आपली ओळख जास्त घट्ट धरतात आणि संस्कृतींमध्ये संघर्ष होतो. कानबाईला, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या सणाला, सुरत-पुण्याहून माणसं गावी येतात, ओळख घट्ट होते हे पटतं, पण त्यात भांडण कोणाशीये? त्यामुळे अर्धंच लागू पडतं.

तिसरी सरमिसळीची, नेदरवीन पीटर्सेची, रॉबर्टसनचं ग्लोकलायझेशन, म्हणजे जगाची गोष्ट गावच्या साच्यात बसवणं, तेही जवळपास तिकडचंच. हिच्यासाठी हळदीत वाजणारं अहिराणी, म्हणजे आपल्या खानदेशी बोलीतलं, गाणं घ्या. बोल आपले, बीट डीजेचा, व्हिडिओ यूट्यूबवर, आणि सुरतच्या खोलीत बसलेला आपला माणूस तेच ऐकतोय. छानच आहे, पण इथेच घाई करू नका, कारण त्याच गाण्यावर नाचणाऱ्या घरात पोरांशी अहिराणीत कोणी बोलत नाही, शाळा इंग्लिश मीडियमची, आणि आजी बोलली तर पोरं मराठीत उत्तर देतात. सरमिसळ झाली खरी, पण दोन्ही बाजूंचं वजन सारखं नाही, हे या थिअरीत निसटतं आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मग चौथा, मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई काढा, 1990. माणसं, मीडिया, तंत्र, पैसा, विचार असे पाच प्रवाह, आणि ते एकाच दिशेने वाहत नाहीत. आपली माणसं सुरतला जातात, पैसा गावी येतो, गाणं गावातून तिकडे जातं. कागदावर बाण काढून बघा, लगेच दिसतं.

पेपरात 'सगळ्याच थिअरी थोड्याथोड्या बरोबर' असं लिहून सुटू नका. कोणती कुठे तुटली, ते तुमच्या उदाहरणासकट लिहा.