हिऱ्याचा दागिना घेताना पावतीवर काय काय लिहून घ्यायचं

सोनं घेण्यात आपल्याकडची माणसं आता चांगलीच तरबेज झाली आहेत. मानवत-पाथरीकडची बाईसुद्धा दागिना हातात आला की भिंग मागते, सहा अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा क्रमांक, शोधते आणि पोराला मोबाइलवर तो तपासायचं बीआयएस केअर अॅप उघडायला लावते. पण त्याच दागिन्यात हिरे असतील तर तो शिक्का फक्त सोन्याचाच असतो. १८के७५० म्हणजे हजारात साडेसातशे भाग सोनं, एवढंच. वर बसवलेला खडा जमिनीतून निघाला, यंत्रात वाढवला, की मुळात हिराच नाही, यातलं काहीच हॉलमार्क सांगत नाही. ते सांगणारे कागद दोनच: प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट आणि दुकानदाराची पक्की पावती. ते कसे मागायचे आणि कसे वाचायचे, ते सांगते.

मी परभणीची. घर सोनारकामाचं. सुरतेला राहून हिऱ्याची प्रतवारी शिकले, तिथे पुड्या निवडायचं काम केलं, आणि आता इथल्या सराफ्यात लोकांचे दागिने तपासून देते. दिवाळीनंतर सोयाबीन-कापसाचा पैसा हातात आला आणि लग्नाच्या तारखा निघाल्या की माणसं येतात, कागदात गुंडाळलेली कुडी नाहीतर पेंडंट पुढे ठेवतात आणि म्हणतात, "ताई, बघून सांगा वो, खरा हाय का?"

त्यांना मी आधी एक गोष्ट सांगते. जमिनीतला हिरा आणि लॅबमध्ये वाढवलेला हिरा नुसत्या आयग्लासने, म्हणजे दहापट दाखवणाऱ्या भिंगाने, खात्रीने वेगळा काढता येत नाही. मलाही येत नाही आणि चाळीस वर्षं गादीवर बसलेल्या सराफालाही येत नाही. "आम्ही बघूनच ओळखतो" असं कुणी म्हणालं तर तिथेच सावध व्हा.

घरगुती परीक्षांचंही तेच. फुंकर मारून वाफ किती वेळ टिकते ते बघणं, वर्तमानपत्रावर ठेवून अक्षरं दिसतात का ते बघणं, काचेवर ओरखडा काढणं, यांतून फार तर काच उघडी पडते. अमेरिकन डायमंडही काच कापतो. हातोडीची परीक्षा तर कधीच करू नका. हिरा सगळ्यांत कठीण असला तरी ठरावीक दिशांनी तो चिरतो, आणि घाव नेमका बसला तर खऱ्याचेच दोन तुकडे होतात. दुकानात पेनासारखं यंत्र टेकवून 'टूं' आवाज ऐकवतात, त्याचंही ऐका. ते यंत्र खडा उष्णता किती भराभर वाहून नेतो ते मोजतं. अमेरिकन डायमंडवर ते गप्प बसतं, पण मोझोनाइटवर, म्हणजे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या एका खड्यावर, साधं यंत्र हिऱ्यासारखंच वाजतं. विजेची चाचणीही करणारं दुहेरी यंत्र असेल तर बहुतेक मोझोनाइट पकडला जातो. लॅबमधला हिरा मात्र सहसा दोन्हीवर पास होतो, कारण तो हिराच आहे, तोच कार्बन आणि तोच कठीणपणा.

म्हणून विचारायचा पहिला प्रश्न "खरा आहे का" हा नाही. त्याचं उत्तर लॅबग्रोनलाही "हो" असंच येतं आणि दुकानदार खोटंही बोललेला नसतो. विचारा, "हा जमिनीतला आहे की लॅबमध्ये वाढवलेला?" आणि जे उत्तर मिळेल ते पावतीवर लिहायला सांगा. २०१५ चं आयएसओ १८३२३ हे आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की नुसतं 'डायमंड' लिहिलं तर त्याचा अर्थ नैसर्गिक हिरा. लॅबमधला असेल तर तसं स्पष्ट लिहायलाच हवं. पण पावती करणारा पोरगा घाईत 'डायमंड पेंडंट' एवढंच टाकतो. तिथे हात धरा. 'नॅचरल डायमंड' किंवा 'लॅबोरेटरी ग्रोन डायमंड', यातलं एक अक्षरात आलं पाहिजे. 'सीव्हीडी', 'एचपीएचटी' असलं काही लिहिलेलं दिसलं तर तो लॅबचाच माल आहे, ती वाढवण्याच्या दोन पद्धतींची नावं आहेत. एचपीएचटीमध्ये पृथ्वीच्या पोटातला दाब आणि उष्णता यंत्रात तयार करतात. जनरल इलेक्ट्रिकच्या शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये ते करून दाखवलं. सीव्हीडीमध्ये हिऱ्याच्या पातळ चकतीवर मिथेन आणि हायड्रोजनच्या वायूतून कार्बनचे थर चढवत नेतात, काही आठवड्यांत खडा तयार. सुरतेत याचे मोठे कारखाने आहेत.

लॅबग्रोन घेण्यात मला काहीच गैर वाटत नाही. ज्या पैशात जमिनीतला मुगाएवढा येतो, त्यात लॅबचा हरभऱ्याएवढा येतो, आणि पोरीच्या कानात तो तितकाच झळकतो. पण गेल्या काही वर्षांत त्याचे भाव घसरतच आले आहेत, आणि परत विकायला गेलं तर बरेच सराफ फक्त सोन्याचे पैसे देतात. अडीअडचणीला मोडता येईल म्हणून घेत असाल, तर हिऱ्यात पैसा घालूच नका, तेवढ्याचं सोनं घ्या. जमिनीतल्या हिऱ्यालाही घेतलेल्या भावाने कुणी परत घेत नाही. बँकेत सोनेतारणाला गेलात तर खड्यांचं वजन वजा करूनच कर्ज मिळतं. दुकान परत घ्यायची हमी देत असेल तर किती टक्क्यांनी आणि कुठल्या दिवसाच्या भावाने, तेही त्याच पावतीवर लिहून घ्या.

आता प्रक्रियेबद्दल. याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी याचीच वाटते.

जमिनीतून निघालेला हिराही जसाच्या तसा असेल असं नाही. आत काळा डाग असला तर लेझरने केसाएवढं भोक पाडून आम्लाने तो डाग उडवतात. हे कायमचं काम आहे, त्याने पुढे काही बिघडत नाही, फक्त ते सांगितलं पाहिजे आणि किंमत त्याप्रमाणे कमी पाहिजे. फटी भरणं हा मात्र वेगळा प्रकार आहे. चिरा गेलेल्या हिऱ्यात काचेसारखा पदार्थ भरतात. भिंतीच्या भेगांत लांबी भरून वर रंग मारावा तसंच ते: वरून स्वच्छ दिसतं, आत चीर तशीच. भिंगाखाली खडा हळूहळू फिरवला तर त्या चिरेतून एकदम निळी-जांभळी किंवा नारिंगी झाक चमकून जाते. ते बघायला शिकता येतं आणि ज्यांना रस आहे त्यांना मी शिकवते.

हे महत्त्वाचं कशासाठी? तर आपल्याकडे मोरणीचा फासा सैल झाला, अंगठी घट्ट झाली, की आपण गल्लीतल्या कारागिराकडे जातो. तो भट्टीवर बसतो, फुंकणीची ज्योत दागिन्यावर मारतो. त्या आचेने फटीत भरलेला पदार्थ वितळतो, नाहीतर काळपट पडतो. एका बाईंची अंगठी अशीच दुरुस्तीनंतर माझ्याकडे आली. खड्यात आडवी पांढरी रेघ उमटलेली. त्यांना वाटत होतं कारागिराने खडा बदलला. त्याने बदलला नव्हता. चीर पहिल्यापासून होती, विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. बिचाऱ्या कारागिराचं नाव मात्र खराब झालं. अल्ट्रासोनिक यंत्रात धुण्यानेही असा खडा बिघडतो. म्हणून घेतानाच विचारा, "फटी भरलेल्या आहेत का? लेझर मारलाय का?" आणि 'अनट्रीटेड', म्हणजे कुठलीही प्रक्रिया न केलेला, असा शब्द पावतीवर घ्या. दुरुस्तीला टाकताना कारागिरालाही खड्याबद्दल जे माहीत आहे ते सांगा. साध्या हिऱ्यालाही मोकळ्या आचेत वरून पांढुरकेपणा येऊ शकतो, त्यामुळे जाणता कारागीर आधी बोरिक पावडरचा लेप देतो.

रंगाच्या प्रक्रिया थोडक्यात सांगते, कारण रंगीत हिरे आपल्याकडे क्वचितच कुणी घेतं. तपकिरी हिऱ्याला प्रचंड दाब-उष्णता देऊन पांढरा करता येतो, किरणोत्साराने हिरवा-निळा करता येतो, वरून पातळ मुलामाही देतात. मुलामा सगळ्यांत कच्चा, घासण्याने जातो. स्वस्तात गुलाबी किंवा निळा हिरा कुणी दाखवत असेल तर सर्टिफिकेटशिवाय हातही लावू नका.

सर्टिफिकेट कुणाचं? सुट्ट्या मोठ्या खड्याला जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचं असावं. दुकानाने स्वतःच छापलेलं कार्ड म्हणजे सर्टिफिकेट नव्हे. फटी भरलेल्या हिऱ्याला जीआयए प्रतवारीचा अहवाल देतच नाही, हे लक्षात ठेवा. लेझर मारलेला असेल तर अहवाल मिळतो, पण त्यात तसं लिहिलेलं असतं. लॅबग्रोनच्या अहवालात खालच्या टिपा वाचा. 'पोस्ट ग्रोथ ट्रीटमेंट' असेल तर वाढवल्यानंतर रंग सुधारलेला आहे किंवा असू शकतो; 'अॅज ग्रोन' म्हणजे तशी प्रक्रिया आढळली नाही. ऑक्टोबर २०२५ पासून जीआयएने लॅबच्या हिऱ्यांना डी-ई-एफ अशी रंगाची आणि शुद्धतेची जुनी श्रेणी देणं थांबवलं, 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' एवढ्या दोनच पायऱ्या ठेवल्या.

अहवालाचा क्रमांक बऱ्याचदा हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे मधल्या कडेवर, लेझरने कोरलेला असतो. तो भिंगातून स्वतः वाचा, मग त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाका. पण तेवढ्यावर थांबू नका. जमिनीतल्या हिऱ्याचा क्रमांक लॅबच्या हिऱ्यावर कोरून तो विकायचा प्रयत्न झाल्याचे प्रकार खुद्द जीआयएनेच उघड केले आहेत. म्हणून अहवालातलं वजन दोन दशांशापर्यंत आणि मिलिमीटरमधली मापं प्रत्यक्ष खड्याशी जुळवा. सुट्टा खडा असेल तर कुठलाही सराफ काट्यावर ठेवून दाखवेल. कॅरटचा पाचवा भाग करा, ग्रॅम आले.

आपल्याकडची बहुतेक खरेदी मात्र बारीक हिऱ्यांची असते. कुड्या, मोरणी, मंगळसूत्राचं पेंडंट, त्यात पाच-सात सेंटचे (सेंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग) नाहीतर त्याहून लहान खडे. एकेकाला अहवाल कुणी करत नाही, परवडतही नाही. तिथे अख्ख्या दागिन्याचं कार्ड मिळतं. त्यावर 'अॅज माउंटिंग परमिट्स' असं लिहिलेलं असतं, म्हणजे खडे जडवलेले असताना जेवढं तपासता आलं तेवढंच. जमिनीतल्या बारीक हिऱ्यांच्या पुडीत लॅबचे खडे मिसळण्याचा धोका इथेच जास्त असतो, आणि कधी कधी तो खुद्द सराफालाही कळलेला नसतो. म्हणून त्याला विचारा, "पुडी मशीनवर स्क्रीन करून घेतली होती का?" चांगला सराफ या प्रश्नाने रागावत नाही. परभणीत अशी मोठी लॅब नाही, माल मुंबईला किंवा सुरतेला पाठवावा लागतो, त्यात दिवस जातात. बस्त्याच्या घाईत शेवटच्या आठवड्यात हिरे घ्यायला निघू नका, ते याचसाठी.

पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं आणि हिऱ्यांचं वजन कॅरटमध्ये वेगळं हवं. पेंडंट ४.३५० ग्रॅमचं आणि हिरे अर्धा कॅरट, म्हणजे ०.१०० ग्रॅम, तर सोनं ४.२५० ग्रॅमचंच लागलं पाहिजे. खड्यांचं वजन सोन्याच्या भावात लागलं असेल तर तिथेच बोला. हिऱ्यांची संख्या, रंग, शुद्धता, दर कॅरटचा भाव आणि घडणावळ यांच्या ओळीही वेगळ्या असू द्या.

"कुठल्या देशातला?" असंही आता शिकलेली मुलं विचारतात, आणि मला ते आवडतं. पण घासून तयार झालेल्या हिऱ्याकडे बघून तो कुठल्या खाणीतला हे कुठलीच लॅब सांगू शकत नाही. कच्चा असताना नोंद झाली असेल आणि घासल्यावर तो त्याच नोंदीशी जुळवला असेल, तरच देश खात्रीने लिहिता येतो. जीआयएचा असा ओरिजिन अहवाल असतो. एरवी दुकानदार सांगतो ते ऐकीव. जगातले बहुतेक हिरे सुरतेत घासले जातात, त्यामुळे 'भारतात तयार' याचा खाणीशी काही संबंध नाही. कच्चा माल बोत्स्वाना, रशिया, अंगोला, कॅनडा कुठलाही असू शकतो. 'गोवळकोंड्याचा' म्हणून कुणी जुना खडा दाखवला तर जास्तच जपा. आपण निजामाच्या राज्यातली माणसं, ते नाव ऐकलं की मन भुलतं. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना आपल्या औरंगाबादवरूनच गेला होता. पण त्या खाणी केव्हाच संपल्या, आणि नावाला कागद नसेल तर भाव साध्या खड्याचाच द्या.

'कॉन्फ्लिक्ट फ्री' हे शब्दही नीट समजून घ्या. आफ्रिकेतल्या यादवी युद्धांना हिऱ्यांचा पैसा जात होता, तो थांबवायला २००३ मध्ये किम्बर्ली प्रक्रिया सुरू झाली. ते प्रमाणपत्र कच्च्या मालाच्या पेटीला असतं, तुमच्या अंगठीतल्या खड्याला नाही. आणि त्यातली 'कॉन्फ्लिक्ट' हिऱ्याची व्याख्या बंडखोरांच्या पैशापुरतीच आहे. झिम्बाब्वेत मारांगे इथे २००८ मध्ये लष्करानेच खाणमजुरांना मारलं, तरी तिथला माल त्या व्याख्येत बसला नाही आणि पुढे निर्यातही झाला. ज्यांना याचं मनापासून वाटतं, त्यांनी नोंद असलेला हिरा मागावा किंवा सरळ लॅबग्रोन घ्यावा.

आजीच्या कुड्या तपासायला आणता तेव्हा एक सांगते. त्या १९७६ च्या आधी घडवलेल्या असतील तर मूळ खडे अमेरिकन डायमंड असणार नाहीत, कारण तो बाजारात आलाच त्या सुमारास. पण मधल्या दुरुस्तीत एखादा खडा बदललेला असू शकतो, आणि मागून बंद कोंदण असेल तर डाकेची, म्हणजे खड्याखाली घातलेल्या चकचकीत पत्र्याची, चमक खड्याची म्हणून खपते. कोंदण उघडल्याशिवाय मी त्याचं लेखी मत देत नाही.

जमिनीतला म्हणून विकताना दुकानदार 'नॅचरल' लिहायला तयार नसेल तर खरेदी करू नका, मग तो कितीही ओळखीचा असो. आणि लिहून देऊनही माल वेगळा निघाला तर आधी दुकानाला लेखी कळवा, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तेवढ्याने मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. पावती, कार्ड आणि दुसऱ्या लॅबचा अहवाल तिन्ही जोडा, आणि दागिना तोवर दुरुस्तीला देऊ नका.