पॅरिसमधल्या महागड्या कपड्यांच्या दुकानात नीट सेवा कशी मिळवावी, आणि न मिळाल्यास काय करावं

दुकानात शिरल्यावर पंधरा मिनिटं कोणी विचारलं नाही, साइझ मागितला तर तोंड फिरवून ‘नाही’ म्हटलं, परदेशी पर्यटकांना खरेदीवर मिळणाऱ्या करपरताव्याचा फॉर्म मागितला तर कपाळाला आठ्या. युरोपच्या सहलीवरून परतलेल्यांकडून ही तक्रार नेहमी ऐकू येते. यातलं काही तिथली रीत माहीत नसल्यामुळे घडतं, काही गर्दीमुळे, आणि काही वेळा तो खरोखरच अपमान असतो. उपाय तिन्हींवर वेगळे आहेत. एक गोष्ट मात्र सगळीकडे लागू पडते: कार्ड मशीनला लावेपर्यंत तुमचं पारडं जड असतं. चार दिवसांनी तुम्ही पुण्यात असता आणि दुकान पॅरिसमध्ये. म्हणून जे काही विचारायचं, तपासायचं, भांडायचं ते पैसे देण्याआधी.

निघण्यापूर्वी

छाती, कंबर आणि नितंब यांची मापं सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या. फ्रेंच ३८ म्हणजे इटालियन ४२ आणि ब्रिटिश १०. पॅरिसमध्ये इटालियन ब्रँडची दुकानंही भरपूर आहेत, त्यामुळे ‘मला ३८ होतो’ एवढं सांगून भागत नाही. विक्रेता चुकीचा नग आणतो, तुम्ही वैतागता, तोही वैतागतो.

बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डाचे परदेशी व्यवहार सुरू करा आणि मर्यादा वाढवून ठेवा. काउंटरवर कार्ड दोनदा नाकारलं गेलं की समोरच्याचा सूर लगेच बदलतो. गॅलेरी लाफायेत या प्रसिद्ध बहुमजली दुकानाच्या ओसमान रस्त्यावरच्या मुख्य इमारतीत २०२४ पासून यूपीआय चालतं, पण त्या एका सोयीवर विसंबून जाऊ नका.

वेळ निवडा

शनिवारी दुपारी एक विक्रेता पाच-सहा गिऱ्हाइकं सांभाळत असतो. तेव्हा चांगल्या सेवेची अपेक्षा व्यर्थ. मंगळवार ते गुरुवार, दुकान उघडल्यानंतरचा पहिला तास सगळ्यात चांगला. बंद व्हायच्या अर्ध्या तासात जाऊच नका. ‘सोल्द’ म्हणजे सरकारने ठरवलेले सवलतीचे हंगाम वर्षातून दोनदा येतात, जानेवारीत आणि जूनअखेरीस, प्रत्येकी चार आठवडे. तेव्हा किंमत उतरते, पण लक्ष कोणाकडेच दिलं जात नाही. ठरावीक वस्तूच घ्यायची असेल तर ब्रँडच्या संकेतस्थळावरून आदल्या दिवशी भेटीची वेळ घ्या. बऱ्याच ब्रँडकडे ही सोय फुकट असते, आणि मग एक माणूस फक्त तुमच्यासाठी थांबतो.

आत शिरताना

फ्रान्समध्ये दुकानात पाऊल टाकताच ‘बाँजूर, मादाम’ किंवा ‘बाँजूर, मस्यू’ म्हणायचं असतं, तेही नजरेला नजर देऊन. हे न म्हणता थेट ‘हाऊ मच?’ विचारणं तिथे उद्धटपणा ठरतं, आणि आपल्याला जो तुटकपणा जाणवतो त्याची सुरुवात पुष्कळदा इथूनच होते. आपल्याकडे दुकानदार ‘या ताई, बसा’ म्हणत पुढे येतो. तिथे पहिला शब्द गिऱ्हाइकाने टाकायचा. नुसतंच बघायचं असेल तर ‘ज रगार्द, मेर्सी’ म्हणा. मग कोणी जवळ आलं नाही तर त्यात अपमान नाही, तुम्हीच मोकळीक मागितलेली असते.

आपल्याकडे साडीच्या दुकानात गादीवर पन्नास घड्या उलगडतात. तिथे घडी घातलेला स्वेटर स्वतः ओढून काढू नका. बोट दाखवा, विक्रेता काढून देईल. सहा-सात जणांचं कुटुंब एकदम आत नेण्यापेक्षा ज्याला घ्यायचं आहे तो आणि सोबत एक जण, एवढे पुरेत.

सेवा बिघडली तर

दहा मिनिटं कोणी आलं नाही तर जवळच्या माणसाला शांतपणे विचारा, ‘माझा नंबर कधी येईल?’ उत्तर उडवाउडवीचं वाटलं तर ‘ल रेस्पाँसाब्ल, सिल व्हू प्ले’ म्हणा, म्हणजे प्रमुखांना बोलवा. आवाज चढवू नका. मुळातला प्रश्न बाजूला पडतो आणि तुमचा आवाज हाच विषय होतो. व्हिडिओही काढू नका, दुकानं तो चालू देत नाहीत. त्याऐवजी वेळ, मजला, काउंटर आणि बिल्ल्यावरचं नाव फोनमध्ये टिपा.

वस्तू दुकानात असूनही कारण न देता विकायला नकार देणं फ्रेंच ग्राहक कायद्यात बेकायदा आहे. वंश, वर्ण किंवा धर्म पाहून नकार देणं तर फौजदारी गुन्हाच आहे. मात्र ‘साठा संपला’ किंवा ‘एका गिऱ्हाइकाला एकच बॅग’ असं सगळ्यांनाच सांगितलं जात असेल तर त्याला भेदभाव म्हणता येत नाही. शेजारच्या गिऱ्हाइकाला तीच वस्तू मिळाली का, हे बघून मगच बोला.

पैसे देण्यापूर्वी

कपडा काउंटरच्या दिव्याखाली नाही, खिडकीजवळच्या उजेडात उलटा करून बघा. काखेतली शिवण, झिप तीनदा खालीवर, कॉलरच्या आत मेकअपचा डाग, अस्तर कुठे ओढलं गेलंय का. जादा बटणाची छोटी पिशवी सोबत आहे ना, तेही पाहा. दुकानात घेतलेला कपडा आवडला नाही म्हणून परत घ्यायला तिथला दुकानदार कायद्याने बांधलेला नाही. १४ दिवसांची मुभा ऑनलाइन खरेदीला आहे. बदलून द्यायचे त्याचे नियम काय, हे आधीच विचारा. दोष असेल तर मात्र दोन वर्षांची कायदेशीर हमी मिळते, सोल्दमधल्या मालावरसुद्धा. फक्त इथून पार्सल पाठवण्याचा खर्च आणि मनस्ताप लक्षात घ्या.

‘देताक्स’ म्हणजे करपरतावा देणं दुकानावर बंधनकारक नाही, म्हणून ‘मिळेल का?’ हे कार्ड देण्याआधी विचारा. अटी अशा: वय किमान १६, कायमचं वास्तव्य युरोपीय संघाबाहेर, खरेदी १०० युरोंहून जास्त आणि मूळ पासपोर्ट हातात. व्हॅट २० टक्के असला तरी तो किमतीतच धरलेला असतो आणि परताव्याचं काम बघणारी मधली कंपनी आपला वाटा कापते, त्यामुळे हाती साधारण १२ टक्के येतात. फॉर्मवरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक तिथेच ताडून पाहा. एक आकडा चुकला तरी अडकतं.

विमानतळावर बॅगा चेक-इन करण्याआधी कस्टम्सच्या ‘पाब्लो’ यंत्रावर फॉर्म स्कॅन करा, तोच परताव्यासाठी लागणारा शिक्का, आणि यंत्राचा स्क्रीन हिरवा झाल्याशिवाय हलू नका. कपडे न वापरलेले आणि दाखवता येतील असे हाताशी ठेवा. इटलीहून परतत असाल तर शिक्का तिथल्या कस्टम्समध्ये मिळेल. सगळ्यात मोठी फसगत स्वित्झर्लंडची. तो देश युरोपीय संघात नाही. परतीचं विमान झुरिकचं असेल तर शिक्का युरोपीय संघाची हद्द सोडतानाच घ्यावा लागतो, आणि टूरची बस तिथे थांबेल का, हे टूर मॅनेजरला आदल्या दिवशीच विचारायला हवं.

मशीनवर ‘रुपये की युरो?’ असं आलं तर युरो निवडा. रुपये निवडल्यास दर दुकानाच्या बाजूचा लागतो आणि तो महाग पडतो.

परतल्यावर तक्रार

आधी ब्रँडच्या मुख्य ग्राहकसेवेला ईमेल करा: तारीख, वेळ, शाखा, बिल क्रमांक, काय घडलं आणि काय हवं, एवढंच दहा ओळींत. ‘आमचा अपमान झाला’ या वाक्याने काम होत नाही, ‘दुपारी ३.१० वाजता दुसऱ्या मजल्यावर, साठा असूनही, ट्रायल नाकारली’ या वाक्याने होतं. उत्तर आलं नाही तर फ्रेंच सरकारच्या सिन्याल-काँसो या संकेतस्थळावर नोंद करा. ती दुकानाकडे जाते आणि ग्राहक-संरक्षण खात्यालाही दिसते. भेदभावाची तक्रार ‘देफाँसर दे द्र्वा’ या स्वतंत्र सरकारी संस्थेकडे विनामूल्य करता येते. आणि पैसे जास्त कापले गेले असतील किंवा परतावा कबूल करून दिला नसेल तर बिल आणि चार्जस्लिप जोडून कार्ड देणाऱ्या आपल्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागा, तोही स्टेटमेंट येताच. मुदत उलटली की बँकही हात वर करते.