आपल्या बंदुकीला कोणता पेलेट चालतो, हे कसं शोधायचं

गेल्या महिन्यात नेमबाजीच्या रेंजवर एका मुलाच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, मॅग्नम रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरी भरताना दारू आणि गोळीची जोडी कशी लावतात?" त्यांच्या मुलानं कुठेतरी अमेरिकेतला व्हिडिओ पाहिला होता. मला माहीत होतं तेवढं सांगितलं. तिकडे हा रीतसर छंद आहे. .३५७ मॅग्नम १९३५ साली आलं, तेव्हा त्याची केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, मुद्दाम जुन्या .३८ स्पेशलपेक्षा साधारण ३ मिलिमीटर लांब ठेवली, म्हणजे जास्त दाबाचं काडतूस चुकूनही जुन्या बंदुकीत शिरू नये. जड गोळीला सावकाश जळणारी दारू लागते, आणि किती भरायची ते दारू बनवणाऱ्यांच्या छापील तक्त्यावरूनच ठरवतात, अंदाजानं नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

पण त्यांच्या प्रश्नाचा गाभा मला पटला होता. कोणत्या नळीला कोणती गोळी? आमच्या १० मीटर एअर रायफलमध्ये मागून येणारा हवेचा जोर कारखान्यातूनच ठरून येतो. आपल्या हातात राहतो तो फक्त पेलेट, म्हणजे त्यातली शिशाची छोटी गोळी, आणि तो निवडताना बहुतेक घरांत काय होतं ते मी रोज बघते. सीनियर मुलगी वापरते म्हणून तीच डबी घेतली, किंवा दुकानदार म्हणाला म्हणून घेतली. मग गुण घसरले की मुलाला रागवायचं.

मी इंदूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत २६ वर्षं काढली. काटे, व्हर्नियर आणि मुलांच्या चुका, हेच माझं काम. भाची रेवा नेमबाजीत आली तेव्हा बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण मोजायचं कसं ते कळत होतं. तेवढ्याच बळावर पुढचं सगळं सांगते आहे.

आधी एक हिशेब करा, कारण त्यावरूनच किती खर्च करायचा ते ठरतं. पेलेटचा व्यास ४.५ मिलिमीटर. रायफलच्या कार्डावर, म्हणजे ज्यावर नेम मारतात त्या कागदावर, दहाचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा आहे. भोकाची कड ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे पेलेटचा मध्य २.५ मिलिमीटरपर्यंत सरकला तर चालतो. पिस्तुलाच्या कार्डावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं आहे, तिथे हीच मुभा ८ मिलिमीटर होते. शिवाय रायफलच्या पात्रता फेरीत दशांशात गुण धरतात आणि दर पाव मिलिमीटरला ०.१ जातो. ६० गोळ्यांमध्ये प्रत्येकी सरासरी ०.१ गेला तर सरळ ६ गुण गेले. पिस्तुलाला पात्रता फेरीत पूर्णांकच मोजतात. म्हणून पिस्तूल मारणाऱ्या नवशिक्या मुलांच्या आईवडिलांना मी स्पष्ट सांगते की महागड्या डब्यांच्या मागे लागू नका. चांगल्या कंपनीचा साधा मॅच (स्पर्धेचा) पेलेट घ्या, राहिलेल्या पैशात जास्त सराव करू द्या. खाली जो खटाटोप लिहिला आहे तो मुख्यतः रायफलवाल्यांसाठी आहे.

पेलेट हातात घेऊन नीट बघा. डमरूसारखा असतो. पुढे सपाट डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. डोकं नळीतल्या आट्यांवर, म्हणजे आतल्या पिळदार खाचांवर, टेकून सरळ चालतं. मागचा घेर पातळ आणि मऊ शिशाचा असल्यामुळे हवेच्या दाबानं फुलतो, नळीला चिकटतो आणि हवा निसटू देत नाही. डोकं सपाट का, तर कागदाला गोल, स्वच्छ भोक पडावं आणि गुणांबद्दल वाद होऊ नये. डब्यांवर ४.४९, ४.५० असे आकडे असतात ते या डोक्याच्या मापाचे. वजनात ढोबळ नियम असा की रायफलला ०.५३ ग्रॅमचा आणि पिस्तुलाला ०.४५ ते ०.४९ ग्रॅमचा पेलेट. पिस्तुलाचा जोर कमी, म्हणून हलका पेलेट. पण हा नियम म्हणजे सुरुवात करायची जागा आहे, एखादं पिस्तूल जड पेलेटही छान मारतं.

नावं विचाराल तर आरडब्ल्यूएसचे आर १०, एच अँड एनचे फिनाले मॅच, जेएसबीचे आणि चीनचे छियांग युआन, हे सगळे स्पर्धेत चालणारे पेलेट आहेत. यातला सगळ्यात चांगला कोणता, याला उत्तर नाही. दोन रायफली एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात आल्या तरी नळ्यांत केसभर फरक असतो, आणि एकीला आवडलेली डबी दुसरीला आवडेलच असं नाही. एकाच नावाच्या डबीतही बॅच बदलली की कधीकधी वागणं बदलतं, कारण साचे झिजतात, बदलतात. म्हणून नावापेक्षा डबीवरच्या बॅच नंबराकडे लक्ष द्या.

हे मला नुकसान झाल्यावर कळलं. पहिल्या वर्षी आम्ही एक डबी तपासली, रेवाच्या बंदुकीला फार सुरेख चालली, म्हणून मी एका विक्रेत्याकडून तशाच बारा डब्या मागवल्या. आल्या त्यातल्या पाच वेगळ्याच बॅचच्या होत्या. फोन केला तर म्हणाले, माल तोच आहे. तोच नव्हता. त्या पाच डब्यांनी जिल्ह्याच्या स्पर्धेआधीचा महिना खाल्ला. पोरगी रोज रडकुंडीला यायची, आणि मी तिला श्वास नीट धर, ट्रिगर ओढू नकोस असं सांगत बसले होते. ते मला आजही लागतं. तेव्हापासून पैसे देण्याआधी बॅच नंबर लिहून घेते आणि पार्सल उघडल्यावर आधी नंबर जुळवते, मगच डबी उघडते.

आता तपासणी. चार प्रकार एकट्यानं विकत घ्यायची गरज नाही. डबीत ५०० पेलेट असतात, चार घरांनी एकेक डबी घ्यावी आणि आपसांत वाटून तपासावं. आम्ही रेंजवर असंच करतो.

जागा १० मीटर हवी. रामबागेतलं आमचं घर जुनं आहे, पुढच्या दारापासून मागच्या न्हाणीपर्यंतचा बोळ मोजला तर ११ मीटर भरला. तुमच्याकडे असं नसेल तर रेंजवर दुपारची रिकामी वेळ मागून घ्या. घरी करणार असाल तर मागे लोखंडी पेलेट पेटी, बोळात उघडणाऱ्या प्रत्येक दाराला आतून कडी आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा, एवढं झाल्याशिवाय बंदूक बाहेर काढायची नाही. आमच्याकडे शेजारच्या काकूंनाही आधी सांगून ठेवतो.

बंदूक वाईसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीत, धरायची. जबड्यांना जाड नमदा किंवा सायकलची ट्यूब लावा आणि दस्त्याचा लाकडी किंवा अल्युमिनियमचा भक्कम भाग पकडा. नळीला किंवा हवेच्या सिलिंडरला कधीही चिमटा लावू नका, नळीवर ताण आला की ग्रुप, म्हणजे एकापाठोपाठ मारलेल्या भोकांचा पुंजका, सरकतो आणि दोष पेलेटवर जातो. वाईस ज्या टेबलावर आहे ते हलतं का बघा. आमचं पहिलं टेबल हलत होतं, खाली दोन पोती वाळू ठेवली तेव्हा शांत झालं. नेम धरायची गरज नाही, बंदूक जिथे बघते तिथे बघू दे. पुढचं कार्ड मात्र दर ग्रुपनंतर थोडं बाजूला सरकवा. कार्ड जाड, न चकाकणारं आणि मागे पाठीला घट्ट टेकलेलं हवं, नाहीतर भोकाच्या कडा फाटतात आणि मोजता येत नाहीत.

नळी नुकतीच साफ केली असेल तर पहिले वीसेक पेलेट मोजू नका, शिशाचा हलका थर बसेपर्यंत ग्रुप पसरट येतो. प्रकार बदलला की नवीन प्रकाराचे पाच-सहा तसेच सोडून द्या. सिलिंडरमधला दाब प्रत्येक ग्रुपच्या आधी बघून लिहा.

एका ग्रुपला दहा पेलेट. तीन पेलेटच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका. तीन भोकं एकात एक जाणं हा बरेचदा योगायोग असतो, दहा मारले की खरं काय ते दिसतं. प्रत्येक प्रकाराचे तीन ग्रुप, आणि क्रम उलटसुलट. पहिल्या फेरीत अ, ब, क, ड मारले तर दुसऱ्या फेरीत ड, क, ब, अ. सकाळी एक प्रकार आणि भर दुपारी दुसरा असं केलंत तर तुम्ही इंदूरचा मे महिना मोजताय, पेलेट नाही. अजून एक काळजी मी घेते. ट्रिगर दाबणाऱ्याला कोणती डबी चालू आहे ते सांगायचं नाही. मी वाटीत दहा पेलेट काढून देते, रेवा मारते. आवडती डबी आहे हे कळलं की माणूस नकळत जपून ट्रिगर दाबतो, हे मी प्रयोगशाळेत शेकडो मुलांत पाहिलंय.

मोजायचं असं. ग्रुपच्या सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर व्हर्नियरनं घ्या आणि त्यातून ४.५ वजा करा, मध्य ते मध्य अंतर मिळतं. व्हर्नियर ०.०२ मिलिमीटर दाखवतो म्हणून तेवढं लिहू नका, कागदाची कड तेवढी प्रामाणिक नसते. ०.१ पर्यंत पुरे. रेवाच्या रायफलला ४.४९ च्या डबीनं बाहेर ते बाहेर ६.१, ५.९, ६.४ दिले, आणि त्याच कंपनीच्या ४.५० च्या डबीनं ५.४, ५.६, ५.३. रेंजवरच्या तिच्या मैत्रिणीच्या बंदुकीला नेमकं उलटं आलं. दोघी एकमेकींच्या डब्या घेऊन घरी गेल्या.

पहिल्या फेरीतल्या उत्तम दोघांचे पुन्हा पाच-पाच ग्रुप घ्या. फरक ०.२ च्या आत असेल तर तो फरकच नाही, जी बॅच जास्त संख्येनं मिळते ती घ्या. सगळेच प्रकार पसरट आले तर पेलेटला दोष देण्याआधी वाईस, नळीचं टोक आणि स्क्रू तपासा.

वजन करून पेलेट निवडावेत का, हे मला फार विचारतात. मी ०.००१ ग्रॅमच्या काट्यावर पन्नास-पन्नास पेलेट तोलून पाहिले. चांगल्या डबीत फरक इतका थोडा निघतो की १० मीटरवर त्याचा उपयोग दिसत नाही. मायक्रोमीटरनं डोकं मोजण्याच्या भानगडीत तर पडूच नका, शिसं मऊ असतं, मोजता मोजता तुम्हीच ते चेपता. त्यापेक्षा काचेची पाटी घ्या. एका बाजूला पेन्सिल सरकवून तिला किंचित उतार द्या आणि पेलेट आडवा ठेवून सोडा. घेर डोक्यापेक्षा मोठा असल्यामुळे तो सरळ न जाता वळण घेत घरंगळतो. चांगले पेलेट एकामागून एक त्याच वळणानं त्याच जागी पोचतात. घेर चेपलेला असेल तो अडखळतो, डुगडुगतो, भलतीकडे जातो. प्रकाशासमोर बसलात तर तो थरथरताना स्पष्ट दिसतो. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी रेवा असे सत्तर-ऐंशी पेलेट स्वतः निवडते. खरं सांगायचं तर त्यातून तिचं मनही शांत होतं.

घेर चेपतात ते बहुतेक वेळा आपल्याच हातानं. सिटी बसमध्ये दप्तरात डबी खुळखुळत गेली की झालं. डबीत फोमची चकती असते ती फेकू नका, पेलेट कमी झाले की वर अजून एक कापून घाला. पावसाळ्यात डबीसोबत सिलिका जेलची पुडी ठेवा, ओलाव्यानं शिशावर पांढुरकी भुकटी धरते.

आणि पेलेट ओठांत धरायची सवय असेल तर आजच मोडा. ते शिसं आहे. सराव झाला की साबणानं हात धुवायचे, मग पोह्यांच्या गाडीवर जायचं. हे मी प्रत्येक मुलाला सांगते आणि हात धुताना बाजूला उभी राहते.

बॅच ठरली की वर्षभराच्या डब्या एकदम घ्या. दिवसाला ८० पेलेट, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे आठवड्याला ४०० झाले, महिन्याला तीन ते चार डब्या. प्रत्येक डबीच्या तळाला कायमच्या शाईनं बॅच, तपासल्याची तारीख आणि सरासरी ग्रुप लिहा. चार डब्या उरल्या की नवीन बॅच शोधायला लागा, म्हणजे जुनी शेजारी ठेवून दोन्ही एकाच दिवशी मारून बघता येतात.