समुद्रालगतचं जुनं कौलारू घर बारा महिने कसं राखावं

चाकरमान्यांची कोकणातली जुनी घरं बिघडतात ती बहुतेक वेळा बंद राहून. चिऱ्याच्या भिंती, लाकडी वासे आणि मंगलोरी कौलं ही सगळी रचना रोज पेटणाऱ्या चुलीच्या हिशेबाने झालेली आहे. धूर आढ्यापर्यंत जायचा, त्याने लाकूड कोरडं राहायचं, पोखरणारे किडे लांब राहायचे. तेच घर जूनमध्ये कुलूप लावून थेट गणपतीत उघडलं तर आत बुरशी असणारच. त्यात किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेची भर. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंड आणि भिंती ओलसरच राहतात.

वर्षाची सुरुवात दसऱ्यानंतरच्या पाहणीने करा. तेव्हा पावसाने काय काय केलं ते ताजं दिसतं. भिंतीवरच्या ओलीच्या डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. जानेवारीत डाग आकसला तर पाणी पावसाचं होतं. तेवढाच राहिला तर ओल जमिनीतून येते आहे, नाहीतर नळ गळतो आहे. वाशांची टोकं, चौकटींचे पाय आणि पडवीचे खांब जमिनीलगत पेचकसाने टोचून बघा. पेचकस सहज आत गेला तर तेवढं लाकूड गेलेलं समजा. बदलायला सागच हवा असं नाही. किंजळ, ऐन, जुना फणस ही लाकडं इथे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत.

भिंती

चिरा ज्याचा काढतात तो जांभा सच्छिद्र दगड. त्यातून जमिनीतलं पाणी वर चढतं आणि भिंतीच्या अंगावरून उडून जातं. सिमेंटचा गिलावा चढवला की ही वाट बंद होते. ओल आणखी वर सरकते, क्षार गिलाव्यामागे साठतात, आणि काही पावसाळ्यांत भिंत ठोकली की पोकळ वाजायला लागते. वर वॉटरप्रूफ रंग मारणं म्हणजे पोपड्यांना आमंत्रण. दुकानदार काहीही सांगो, जुन्या चिऱ्याला चुनाच मानवतो.

आधी कारण काढा. बाहेरची माती जोत्याच्या पातळीपेक्षा निदान वीतभर खाली हवी. भिंतीला टेकून फुलझाडांचे वाफे, लाकडं किंवा चिऱ्यांचा ढीग नको. ओल आणि वाळवी दोन्ही तिथूनच चढतात, शिवाय फुरशासारखा साप दगडांच्या फटीत बसतो. पागोळ्यांचं पाणी पडतं तिथे बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरशी घाला.

मग पोकळ गिलावा ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाका. लोण्याची, म्हणजे भिंतीवर फुटून आलेल्या क्षारांची, पांढरी पूड कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा आणि लांब फेका. पाण्याने धुतली तर ती विरघळून परत भिंतीत जाते. भिंत डिसेंबरपर्यंत उघडी सुकू द्या. नवा गिलावा 1 भाग चुना आणि 3 भाग नदीची वाळू असा, एका थराला 10 ते 12 मिलिमीटर. लावण्याआधी भिंत भिजवा आणि नंतर आठवडाभर दिवसातून दोनदा पाणी शिंपडा. खाडीची किंवा पुळणीची वाळू कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

सफेदीसाठी 1 किलो चुन्याला साधारण 5 लिटर पाणी. 24 तास मुरू द्या, जाड्याभरड्या कापडातून गाळा, गरम पाण्यात विरघळवलेला सुमारे 20 ग्रॅम डिंक आणि चिमूटभर नीळ घाला. पातळ तीन हात द्या. एकच जाड हात दिला तर तो भुकटी होऊन अंगाला लागतो.

लोखंड आणि वीज

खिडकीच्या गजांवर नुसता नवा रंग फासला की आतलं मीठ पुढच्या पावसात फोड आणतं. तारेच्या ब्रशने गंज काढा, गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकू द्या, आणि त्याच दिवशी जस्तयुक्त प्रायमर लावा. मग रंगाचे दोन हात. बिजागऱ्या, कड्या आणि स्क्रू पितळेचे घ्या. स्टेनलेस स्टील घ्यायचं तर 316 प्रतीचं. 304 वर खाऱ्या हवेत तपकिरी डाग पडतात.

मागाहून बांधलेल्या बाथरूमच्या स्लॅबखाली सळईच्या रेषेत चीर दिसली तर आत सळई गंजून फुगते आहे. वरून लिंपण्यात अर्थ नाही. सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढून, सळई चकचकीत घासून, प्रायमर लावून पॉलिमर मॉर्टरने भरावं लागतं.

मेन बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. ओल्या भिंतीच्या घरात तो जीव वाचवतो. त्याचं टेस्ट बटण दर खेपेला दाबून बघा. इन्व्हर्टरची वायर मेनपासून वेगळ्या एमसीबीवर, म्हणजे स्वतंत्र छोट्या ब्रेकरवर, ठेवा. घराचं मेन बंद करून गेलात आणि बॅटरी चार्ज न होता दोन-तीन महिने पडून राहिली की ती कायमची बसते.

कौलं

शाकारणीचा, म्हणजे कौलं काढून पुन्हा नीट बसवणारा, माणूस मार्चमध्येच ठरवा. एप्रिल-मेमध्ये तो आंब्याच्या कामाला गेलेला असतो आणि मृग लागला की शेतात. काम मेच्या पहिल्या आठवड्यात संपलेलं बरं. 2021 मध्ये तौक्ते वादळ मेच्या मध्यावरच किनाऱ्याजवळून गेलं होतं.

चढण्याआधी आतून बघा. भर दुपारी सगळी दारं-खिडक्या लावून अंधार करा आणि वर पाहा. जिथून कवडसा पडतो तिथून पाणीही येणार. खालून कळकाच्या टोकाला खडू बांधून तिथल्या रिपेवर, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्टीवर, खूण करा. खाली थेंब पडतो तिथेच वर भोक असेल असं मात्र धरू नका. पाणी वाशावरून घरंगळत दोन-तीन हात खाली येऊन टपकतं, म्हणून ओघळाची रेघ वरच्या दिशेने शोधत जा.

एका ब्रासला, म्हणजे 100 चौरस फुटांना, मंगलोरी कौलं दीडशेच्या आसपास लागतात. मंगळूरला बासेल मिशनने 1865 मध्ये कारखाना काढला आणि त्यानंतर अनेकांनी काढले; प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. एका छापाचं कौल दुसऱ्या छापाच्या खाचेत नीट बसत नाही आणि वाऱ्याचा पाऊस नेमका त्याच फटीतून वर चढतो. म्हणून कौलं आणायला जाताना जुनं कौल नमुना म्हणून बरोबर न्या. मोडलेल्या घराची त्याच छापाची कौलं मिळाली तर पन्नासेक जादा घेऊन ठेवा. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून घ्या. खणखणीत वाजलं तर चांगलं, भद्द आवाज आला तर तडा आहे.

कौलं काढून परत बसवताना त्यांच्या पन्हळीतलं शेवाळ आणि पाचोळा कोरड्या ब्रशने काढा. ते तुंबलं की पाणी खाचेवरून आत उडी मारतं. कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, बसवायला निव्वळ सिमेंट वापरलं तर उन्हाने चिरतं. 1 सिमेंट, 1 चुना, 6 वाळू हे मिश्रण जास्त टिकतं. खालच्या दोन ओळी आणि कडेची कौलं तांब्याच्या तारेने रिपेला बांधा. बऱ्याच कौलांच्या पाठीला त्यासाठी भोकाचा कान असतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कौलं, पत्रे आणि माड-पोफळी एकदमच गेले. वादळाचा इशारा आला की वाऱ्याच्या बाजूची दारं-खिडक्या आधी लावा. आत शिरलेला वारा छप्पर खालून उचलतो.

कौलांखाली कायमचा प्लास्टिकचा कागद अंथरू नका. त्याच्यावर घाम धरतो आणि रिपा कुजतात. छपरावर आलेल्या माडाच्या सुक्या झावळ्या आणि नारळ मेमध्येच पाडेल्याकडून उतरवून घ्या. वानरांवर खात्रीचा उपाय नाही. फुटलेली कौलं बदलत राहणं एवढंच हाती असतं.

विहीर आणि वाळवी

मेमध्ये पाणी खाली गेलं की विहीर उपसून गाळ काढा. माणूस उतरण्याआधी कंदील किंवा पेटती मेणबत्ती सोडून बघा. विझली तर कुणीही उतरायचं नाही. डिझेल पंप विहिरीच्या आत उतरवणं जिवावर बेततं. किनाऱ्यालगतची विहीर उन्हाळ्यात एका दमात उपसली तर खारं पाणी आत ओढलं जातं, म्हणून गाळ काढण्याचा दिवस सोडता पंप थोडा थोडा वेळच चालवा.

पाणी शुद्ध करायला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर 1000 लिटरला 2.5 ग्रॅम. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 2 मीटर पाणी असेल तर ते सुमारे 14 हजार लिटर भरतं, म्हणजे 35 ग्रॅम. बादलीत कालवून निवळ तेवढी ओता, साका टाकून द्या. संध्याकाळी टाकलं की सकाळी पाणी वापरायला हरकत नाही. पावडरीचं पाकीट फोडलं की दमट हवेत तिचा जोर उतरतो, तेव्हा लहान पाकीट घ्या.

वाळवीला इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के हे कीटकनाशक, लिटरभर पाण्याला 2.1 मिलिलिटर. भिंत आणि जमिनीच्या सांध्यात फुटाफुटावर 12 मिलिमीटरची भोकं पाडून प्रत्येकात जास्तीत जास्त लिटरभर. हे काम परवानाधारकाकडूनच करून घ्या आणि विहिरीकडच्या बाजूला करूच नका. तिथे काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला लावा. हातमोजे विसरलात तर कातडीला फोड येतात.

बंद करताना आणि पावसात

मेअखेरीस पडवीच्या पश्चिम बाजूला झापं किंवा ताडपत्री बांधा, पन्हळी साफ करा, फ्रिज रिकामा करून दार फटीत लाकूड घालून उघडं ठेवा, गॅसचा रेग्युलेटर काढा. गाद्या उन्हात तापवून, भिंतीपासून लांब खाटेवर उभ्या करा. कपाटात कळीचा चुना ठेवायचा तर रुंद भांडं एक तृतीयांशच भरा, कारण ओल ओढून तो फुगतो. मुलांच्या हाती लागू देऊ नका.

शेजारच्या कुणाला तरी महिन्याचे पैसे ठरवून किल्ली द्या, आणि उघडीप असेल त्या दिवशी दारं-खिडक्या चार तास उघडायला सांगा. पंधरवड्याला पंप पाच मिनिटं चालवायचा, नाहीतर जाम होतो. फुकटच्या उपकारावर हे काम दोनच महिने चालतं.

गणपतीला उघडताना आधी मेन बंदच ठेवून बोर्डात मुंग्यांचं किंवा पालींचं बस्तान नाही ना ते बघा. टाकीतलं जुनं पाणी सोडून द्या.

घर पाडून नवं बांधायचा विचार असेल तर आधी सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) नकाशावर जागा पाहून घ्या. 2019 च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दाट वस्तीच्या भागात 50 मीटर आणि विरळ वस्तीत 200 मीटर हा ना-विकास पट्टा आहे. त्यात अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी चालते, पण आहे त्याच जोत्यावर आणि तेवढ्याच क्षेत्रफळात. त्यामुळे ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, घरपट्टीच्या जुन्या पावत्या आणि जोत्याची मापं दिसतील असे तारखेसह फोटो शहरातल्या घरीच ठेवा. गावातल्या कपाटात त्यांना वाळवी लागते.