गद्दी पिल्लू सत्तरीत आणण्याआधी

दसऱ्यानंतर बकऱ्यांच्या राखणीसाठी हिमाचलातून गद्दीचं, म्हणजे तिकडच्या मेंढपाळांच्या कुत्र्याचं पिल्लू आपल्या गोव्यातल्या सत्तरीत आणतोस म्हणालास. आण. पण तिकीट काढण्याआधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाक: हा कुत्रा बिबट्याला मारणार नाही. आपल्याकडे बिबटे कुत्र्यांनाच उचलून नेतात, आणि म्हादई अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाला हे मी वेगळं सांगायला नको. राखणीच्या कुत्र्याने रात्र जागायची, वारा हुंगायचा आणि चोरपावलांनी आलेल्याची चोरी भुंकून उघडी पाडायची. पुढचं काम भिंतीचं आणि जाळीचं. म्हणून तयारीची सुरुवात मांगरापासून, म्हणजे बकऱ्यांच्या गोठ्यापासून कर.

तुझ्या मांगराच्या चिऱ्याच्या भिंती छातीभरच आहेत. तिथून वाशांपर्यंतची मोकळी जागा जाड तारेच्या जाळीने बंद करून घे, आणि छपरालाही खालून जाळी मार, कारण कौलं सरकवून आत उतरणं बिबट्याला अवघड नाही. दाराची कडी आधी हलवून बघ. तिन्हीसांजेला बकऱ्या आत, आणि पहिली दोन वर्षं कुत्राही त्यांच्याबरोबर आतच. मी पूर्वी गावठी कुत्रा मांगराच्या दारात साखळीला बांधायचो. एका सकाळी नुसती साखळी सापडली. त्यानंतर रात्री कुत्रा बांधायचं मी बंद केलं. बांधलेल्या कुत्र्याला धड पळता येत नाही, धड लढता येत नाही.

पिल्लू निवडताना रंगरूप बघत बसू नकोस. चंबा, कांगड्याकडचे गद्दी मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या हे कुत्रे कळपाबरोबर डोंगर चढवत-उतरवत आले आहेत. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२५ मध्ये गद्दीची देशी जात म्हणून नोंदही केली. नाव झालं की भाव चढतो आणि कुठलंही केसाळ पिल्लू गद्दी म्हणून खपतं. तू एवढंच विचार: याची आई आज कळपावर आहे का? पिल्लाचं मन वयाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात घडतं. त्या दिवसांत त्याच्या नाकात बकऱ्यांचा वास भरला असेल तर पुढे बकऱ्या त्याला घरच्या वाटतात. शहरातल्या गच्चीवर वाढलेलं पिल्लू फुकट मिळालं तरी नको. जमलं तर दोन आण. बिबट्याच्या मुलखात एकट्याने राखण करणं कुत्र्यालाही जड जातं.

रेल्वेने आणणार असशील तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर पिल्लाला गार्डच्या डब्यातल्या पेटीत घालावं लागतं. दोन दिवस पेटीत ठेवण्यापेक्षा पैसे गेलेले परवडले. डॉक्टरचा दाखला आणि लशीचं कार्ड हाताशी ठेव.

नोव्हेंबरात आण असं मी म्हणतो त्याचं कारण आपली हवा. थंडीत आला तर मे महिन्यापर्यंत अंग थोडं सरावतं. आपल्या दमट उन्हात कुत्र्याचे हाल होतात, कारण तो धापून अंग थंड करतो आणि हवेत ओल असली की जिभेवरचं पाणी नीट उडत नाही. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाटाजवळ दाट सावलीत त्याला माती उकरू दे. तो स्वतःच खड्डा करून गार मातीत पोट टेकून झोपेल. बागेचं वाटोळं केलं म्हणून ओरडू नकोस. दुपारी त्याच्याकडून कसलीच अपेक्षा नको, त्याची पाळी रात्रीची असते. आणि उन्हाळा आला म्हणून केस भादरू नकोस. वरचे लांब केस ऊन अडवतात आणि भादरलेली लव पुन्हा नीट येईलच असं नाही. आतली मऊ लव झडते तेव्हा लांब दातांच्या फणीने ती रोज काढ, म्हणजे कातडीला वारा लागेल. कुत्र्याच्या अंगाचं तापमान एरवी ३८-३९ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या वर गेलं, धाप थांबेना, पाय लटपटू लागले, तर साधं पाणी ओतून पंख्याखाली घे आणि तसाच दवाखान्यात ने. ओल्या गोणपाटात गुंडाळू नकोस, आत उष्णता कोंडते.

पाऊस तर उन्हापेक्षा वाईट. भिजलेला केसाळ कुत्रा चार महिने नीट वाळतच नाही आणि लवेखाली कातडी नासते. मांगरात जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळी घाल. जुने पंचे साठवून ठेव. रोज संध्याकाळी बोटांच्या बेचक्या आणि कान पुसून हुंगून बघ; आंबूस वास आला की समज सुरुवात झाली. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत असतं, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा रोग होतो, तेव्हा लस घेताना लेप्टोची त्यात आहे ना, हे डॉक्टरांना मुद्दाम विचार. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, पण रानाशेजारच्या कुत्र्याची रेबीजची लस एक वर्षही चुकवायची नाही.

गोचिडींचा विषय वेगळा आणि मोठा. गोचिडतापाने कुत्रा आतून पोखरतो: नाकातून रक्त, पांढऱ्या हिरड्या, अन्नावरून उठलेलं मन. शिवाय सत्तरीत २०१५ पासून माणसांना होणारा माकडताप आहे, आणि तोही रानातल्या गोचिडींमधूनच येतो. तेव्हा गोचिडीची गोळी कॅलेंडरवर खूण करून वेळेवर दे, आणि रानातून आलेल्या कुत्र्याला थेट ओसरीवर मुलांत घेऊ नकोस. बकऱ्यांचं औषध अंदाजाने कुत्र्याला देणारे शहाणे आपल्या वाड्यावर आहेत. त्यांचं ऐकू नकोस.

खाण्याचं सोपं आहे. भात, उकडलेली तारली किंवा बांगडा, अंडं, थोडी भाजी. मीठ नको, सुकी मासळी तर नकोच. वाढत्या वयात हाडं भरावीत म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या देतात, त्याने उलट सांधे बिघडतात. मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढलेलं बरं. खाणं दोन वेळा विभागून दे आणि खाल्ल्यावर तासभर पळवू नकोस, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पिळा पडतो. मार्चपासून काजूच्या बियांवर लक्ष ठेव, ओल्या सालीतल्या तेलाने तोंड भाजतं. दारू गाळायच्या भाटीजवळच्या आंबलेल्या बोंडांपासूनही त्याला लांब ठेव.

सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत तो तुला रडवील. करडांच्या मागे धावेल, कान चावेल, खेळता खेळता एखादं लंगडं करील. तेव्हा मारून काही होत नाही. शिंगवाली, खाष्ट बकरी त्याच्याबरोबर ठेव, ती शिकवते. करडांपासून वेगळं काढायचं ते थोड्या वेळापुरतं. हाक मारल्याबरोबर येईल अशी आशा धरू नकोस, ही जात स्वतःच्या डोक्याने चालते, आणि आपल्याला तेच हवं आहे.

गळ्यातल्या खिळ्यांच्या लोखंडी पट्ट्याचं माप वाढ पूर्ण झाल्यावरच लोहाराला दे. बिबट्या मानेला धरतो, म्हणून गद्दी लोक तो घालतात. आपल्या पावसात त्याखाली जखम होते, दिवसा काढून ठेवायचा.

पंचायतीत आणि पशुवैद्यकीय खात्यात नोंदणीचे नियम आधीच विचारून घे. केंद्राने मार्च २०२४ मध्ये २३ जातींवर बंदी घालायचं पत्र काढलं होतं. त्यात तुर्कस्तानचा कंगल, म्हणजे असाच कळप राखणारा मोठा कुत्रा होता. पत्र कोर्टात टिकलं नाही, पण मोठा कुत्रा दिसला की लोक तेच काढतात. शेजाऱ्यांना रात्रीच्या भुंकण्याची कल्पना आधीच दे, आणि दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्री फटाके सुरू होण्याआधी त्याला मांगरात घे.

रविवारी मी टेप घेऊन येतो. जाळीचं माप आपण दोघे मिळून घेऊ, आणि छपराची उंची तू आधी मोजून ठेव.